तीन ठिपक्यांचं ताट

माझी मामी नवे कपडे शिवत नसे. शिवलेले कपडे माणसाच्या मापाला आणून देणं हे तिचं काम. कुणाची पँट कमरेत आवळायची, कुणाच्या कोटाच्या बाह्या आखूड करायच्या, कुणाचा ठेवणीतला झगा बाळंतपणानंतर सैल करून द्यायचा. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याने पिशवी उघडायच्या आत मामीला कळायचं, हा माणूस सुटलाय की वाळलाय. "बसा, यंदा चांगलं मानवलेलं दिसतंय," असं ती सरळ तोंडावर म्हणायची आणि गिऱ्हाईकही हसायचं. तिच्या बोलण्याचा राग येत नसे. राग येईल असं बोलणं तिने फक्त माझ्या आईसाठी राखून ठेवलं होतं. माझी आई म्हणजे मामाची थोरली बहीण. त्या नणंद-भावजयीचं कधी पटलं नाही, आणि पुढे जे झालं त्यात उरलंसुरलंही बिनसलं.

मी त्या शहरात नोकरीला लागले तेव्हा चार दिवस म्हणून मामाकडे उतरले आणि पुढची कितीतरी वर्षं मुक्काम ठोकून राहिले. मामा-मामीला मूल नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीशी मामीचं मशीन, त्याच्या शेजारी कपड्यांचा ढीग, आणि त्या ढिगाच्या कडेने अंग चोरून आत जायची वाट. पाहुणे त्या ढिगावर बसायचे आणि मामी त्यांना उठवायची, कारण ते कुणाच्यातरी कोटावर बसलेले असायचे.

मामा जॅमच्या कारखान्यात पाकमास्तर होता. फळं आणि साखर मोठाल्या कढयांत शिजतात, आणि पाक कधी उतरवायचा हे सांगणारा तो माणूस. एक क्षण आधी उतरवला तर जॅम पातळ, एक क्षण उशीर झाला तर करपट. तापमान दाखवणारी यंत्रं तिथे होती, पण शेवटचा शब्द मामाचा. पोरवयात तो कढया घासायला म्हणून कारखान्यात शिरला आणि एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली हे शिकला. घरी मात्र त्याला चहा गोड झालाय की अगोड हेही सांगता येत नसे. मामी विचारायची तेव्हा तो म्हणायचा, छान झालाय. मामीचं म्हणणं, ह्याची जीभ कारखान्याने ठेवून घेतलीय, घरी येतो तो नुसताच माणूस.

मामाला मधुमेह निघाला तेव्हा मामी रडली नाही. ती स्टूल घेऊन माळ्याखाली उभी राहिली आणि वर बघत राहिली. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेल्या दोन कुबड्या होत्या. त्या माझ्या आजोबांच्या, म्हणजे मामाच्या वडिलांच्या. त्यांनाही हाच आजार. पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचे आणि त्यांचं सगळं मामीने केलं. त्यांना धरून उठवणं, मलमपट्टी, चिडचिड, सगळंच. माणूस पायाने अर्धा झाला की मनाने किती उरतो हे तिने जवळून पाहिलं होतं.

"ह्या घरात त्या पुन्हा खाली येणार नाहीत," मामी म्हणाली. मला म्हणाली की कुबड्यांना म्हणाली, ते कळलं नाही. पण त्या दिवसापासून तिच्या आयुष्याला तेवढं एकच काम होतं.

दवाखान्यात एक आहारतज्ज्ञ बाई बसायच्या. वयाने तरुण, पण बोलायला शांत. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि म्हणाल्या, हे तुमचं ताट. अर्ध्या भागात भाज्या, शिजवलेल्या आणि कच्च्या. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. एकात डाळ, अंडं किंवा मासा, आणि दुसऱ्यात भात नाहीतर पाव. उपाशी राहायचं नाही, वेळ चुकवायची नाही, आज चंगळ आणि उद्या उपास असलं काही करायचं नाही. मग त्यांनी मामाला विचारलं, सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा.

उत्तर मामीने दिलं. चहा किती, त्यात दूध किती, डब्यात काय, संध्याकाळी काय, सगळं तिला तोंडपाठ. बाई म्हणाल्या, त्यांना सांगू द्या. तेव्हा मामा कौतुकाने म्हणाला, हिलाच विचारा, माझ्यापेक्षा हिला जास्त माहीत. बाहेरचं काही खाता का, असं बाईंनी विचारलं. मामा म्हणाला, डबा घरचा असतो, बाहेरच्या पदार्थाला मी हात लावत नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते मी आजही कुणासमोर सांगेन.

घरी आल्यावर मामीने स्टीलची थाळी पुढ्यात घेतली आणि शिवणाच्या खडूने तिच्यावर रेघा मारल्या. खडू पुसला जातो म्हणून माझी लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि थाळीच्या काठावर तीन ठिपके दिले. एका ठिपक्यापासून समोरच्या ठिपक्यापर्यंत भाजी, आणि उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध तिसरा. कापड बेतावं तसं ती ताट बेतायला लागली. भाजी नुसती हिरवी नको, तिच्याबरोबर काहीतरी लाल नाहीतर पिवळं हवं, नाहीतर माणूस कंटाळतो. डाळ असेल त्या दिवशी अंडं नको. मासा असेल तर भात, कारण मामाला माशाबरोबर पाव गिळवत नसे. कुणाच्या पँटची कमर उसवता उसवता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, उद्या कोबी. बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, ही आपल्याला काहीतरी म्हणाली.

एका घरात दोन ताटं कशाला, म्हणून ती स्वतःही तेच जेवायची आणि मलाही तेच वाढायची. मला कसलाही आजार नसताना मी त्या काळात जेवढा पाला खाल्ला तेवढा बकरीनेही खाल्ला नसेल. पण ते दिवस चांगले होते. मामा जेवायला बसताना थाळी गोल फिरवायचा आणि विचारायचा, आज भाताचा देश कुठल्या दिशेला आहे? मामी बोट दाखवायची. तो म्हणायचा, फार लहान देश आहे, एका घासात जिंकतो. दोघं हसायची. मामाला भात फार प्रिय होता. तो शेवटी खायचा, हळूहळू, आणि थाळी इतकी स्वच्छ करायचा की मामी म्हणायची, घासायला काही ठेवा.

पहिली तपासणी झाली आणि साखर काही खाली आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो. दुसऱ्या तपासणीला ती चढली होती. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि मान वर न करता विचारलं, घरात गोड बंद आहे ना? प्रश्न साधा होता, पण मामीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. घरात साखरेचा डबा होता तो फक्त माझ्या चहासाठी. त्या संध्याकाळी तो शेजारणीकडे गेला, आणि मीही बिनसाखरेचा चहा प्यायला लागले.

मग मामीने भाताकडे मोर्चा वळवला. तिचं गणित सरळ होतं. गोड नाही, तळलेलं नाही, भाज्या भरपूर, मग उरला कोण? भातच. बाईंनी सांगितलेल्या भागातून तिने आधी थोडा काढला, मग आणखी थोडा. ठिपके तिथेच होते, पण भात ठिपक्यापर्यंत पोचेनासा झाला. डब्यातला पाव गेला आणि त्या जागी काकडी आली. मामा ती काकडी खाऊन यायचा. एकदा मात्र त्याने थाळी थोडी पुढे सरकवली आणि म्हणाला, "आणखी थोडा भात देतेस?" मामीने भांड्यावर झाकण ठेवलं. हळूच ठेवलं, आवाज न करता. मामाने झाकणाकडे पाहिलं आणि पाणी प्यायला. नंतर त्याने कधी मागितला नाही.

मामी पाषाणहृदयी होती असं कुणी समजू नये. त्या दिवशी तिने स्वतः भात घेतलाच नाही, आणि मी जेवून उठेपर्यंत ती भाजी चिवडत बसली होती.

साखर तरी हटेना. मग तिचं डोकं भलतीकडे धावायला लागलं. मामाच्या शर्टांना मुंग्या लागायच्या. पूर्वीही लागायच्या. कढयांची वाफ अंगावर बसते, बाह्या चिकट होतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता त्याच मुंग्यांकडे ती पोलिसासारखी बघायला लागली. बटण लावायच्या निमित्ताने ती खिसे उलटे करायची. खिशात किल्ली, रुमाल आणि बसचं तिकीट, याखेरीज काही निघायचं नाही. शेवटी एका संध्याकाळी तिने विचारलंच, कुठे चोरून गोड खाता का? मामाने तिच्या मशीनवर हात ठेवला. ते मशीन म्हणजे तिचा जीव, त्याला ठाऊक होतं. "ह्याची शपथ," तो म्हणाला, "गोडाचा एक घास माझ्या पोटात गेला असेल तर सांग." मामीने विश्वास ठेवला. मग दोष कुणाचा राहिला? तिचा स्वतःचाच.

आणि एक चमत्कारिक गोष्ट होती. सुट्टीच्या दिवशी मामाला दरदरून घाम फुटायचा. हात थरथरायचे, बोलणं जड व्हायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी धावत शेजारणीकडून साखर आणली, पाण्यात ढवळून पाजली आणि थोड्या वेळाने तो माणसात आला. साखर उतरली होती म्हणून तसं झालं, एवढं आम्हाला कळलं. कामाच्या दिवशी आभाळाला टेकणारी साखर सुट्टीच्या दिवशीच पाताळात का जाते, हे कळलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगूया. मामी म्हणाली, नको. कारण माझी आई आदल्याच आठवड्यात येऊन गेली होती. भावाचे हाडकलेले खांदे पाहून तिने जिन्यात उभं राहून, चार शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या भावाला उपाशी मारते म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनीही तेच म्हटलं तर काय, ही मामीला धास्ती. म्हणून ती गप्प बसली आणि सुट्टीच्या दिवशी एक पेला साखरपाणी झाकून ठेवायला लागली. ते पाजताना तिचा चेहरा असा व्हायचा की जणू ती विष पाजते आहे.

मामाच्या पँटी ती आवळत होती. सुरुवातीला खुशीने आवळल्या, वजन उतरतंय म्हणजे पथ्य लागू पडतंय अशा समजुतीने. मग एकदा ती पँट उलटी करून बसली आणि तिने शिवणीवर बोट फिरवलं. आता आणखी आवळायला जागा नव्हती. दोन्ही खिसे मागच्या बाजूला एकमेकांना टेकले होते. दुसऱ्यांची अंगं एका नजरेत ओळखणारी बाई घरातल्या माणसाकडे तेव्हा नीट पाहायला लागली, असं मला वाटतं.

त्याच सुमारास कारखान्याने कामगारांच्या घरच्यांना एक दिवस आत बोलावलं. मालक म्हणे खुशीत होते. इतक्या वर्षांत मामीने कारखाना आतून पाहिला नव्हता. तिने इस्त्रीचे कपडे घातले, मीही बरोबर गेले. फाटकाशीच डोक्याला बांधायला कापडी टोप्या दिल्या. मामीने आपली टोपी उलटी करून शिवण तपासली आणि नापास केली.

आत ऊन ऊन वाफ होती आणि संत्र्याच्या सालीचा वास. कढया ओळीने, माणसाच्या छातीएवढ्या उंच. मामा पांढरा एप्रन घालून उभा होता, आणि तो आमचा मामा वाटत नव्हता. ताठ उभा. त्याने पहिल्या कढईत लांब दांड्याचा चमचा घातला, उंच धरला, पाक कसा ओघळतो ते पाहिलं. थंड बशीवर एक थेंब टाकून बोटाने ढकलला. मग चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, गिळलं आणि थांबला. त्या कढईशी उभा असलेला माणूस श्वास रोखून होता. मामाने मान हलवली, त्या माणसाने चाक फिरवलं आणि जॅम खाली धावला. मामीने माझा हात दाबला. अभिमानाने तिचे डोळे भरले होते.

मामा दुसऱ्या कढईकडे गेला. चमचा, बशी, तोंड, डोळे मिटणं, गिळणं. नाही, अजून नाही. तिसऱ्या कढईकडे. पुन्हा दुसरीकडे परत. पुन्हा चमचा. माझ्या हातावरची मामीची पकड सैल होत गेली आणि मग हात सुटलाच. तिने शेजारच्या कामगाराला विचारलं, हे रोज असंच चालतं का? तो म्हणाला, "रोजच. पाकमास्तरांच्या घशाखाली उतरल्याशिवाय इथलं काही बाटलीत उतरत नाही."

मामाने आम्हाला पाहिलं. तो चमचा भरून घेऊन हसत मामीकडे आला, बघ म्हणाला. मामीने चमचा हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. तिने चव घेतली नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही बसथांब्यावर आलो. बाकावर बसल्यावर तिने विचारलं, तुम्ही ते थुंकत का नाही? मामाला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, फळाचा आंबटपणा घशात कळतो, जिभेवर नुसती साखर, उस्तादाने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मग तिचा चेहरा पाहून त्याला काय ते समजलं आणि तो गोंधळून म्हणाला, "अगं, ते खाणं नाही. ते काम आहे. तू दाताने दोरा तोडतेस, तेव्हा दोरा खाल्ला म्हणतेस का?"



"मी तुमच्या ताटातला भात काढत होते," ती म्हणाली.

मामाने तिच्या पाठीवर हात ठेवला. बस आली आणि गेली. आम्ही तिघंही उठलो नाही.

मला अजून राग येतो. कुणाचा, ते ठरवता येत नाही. मामाचा करावा तर त्याने खरोखरच कधी लपवलं नव्हतं. कढईतला चमचा हा त्याच्या लेखी हातोडी किंवा कात्रीसारखा होता, जेवण म्हणजे थाळी. मामीचा करावा तर ती बिचारी जिथे पाहू शकत होती तिथे डोळ्यांत तेल घालून पाहत होती. तिने घरातला दाणा न् दाणा मोजला आणि कारखान्याचं दार तिच्या मोजणीच्या बाहेर राहिलं. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं होतं, तोंडात काय काय जातं. दोघांनी मिळून उत्तर दिलं होतं, ताटात काय पडतं त्याचं.

मामाने काम सोडलं नाही, पण थुंकायचं ठरवलं. कढईशेजारी त्याने एक डबा ठेवला. पहिल्यांदा थुंकला तेव्हा म्हणे सगळी माणसं दुसरीकडे बघायला लागली. तो घरी येऊन सांगायचा, अंदाज येत नाही, अर्धाच कळतो. मग संत्र्याचा एक मोठा घाणा बिघडला. कुणी त्याला शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः मालकाकडे गेला आणि बाटल्यांना लेबलं लावायच्या खात्यात बदली मागून आला. उस्तादाने त्याच्या हाती दिलेला चमचा त्याने घरी आणला आणि मामीच्या मशीनच्या खणात, रिळांच्या मागे ठेवून दिला. 

साखर खाली यायला लागली. दवाखान्यात मामीने आपण होऊन सगळं सांगितलं. घाम, साखरपाणी, चमचा, भात. आहारतज्ज्ञ बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, सुट्टीला चमचा नसायचा, म्हणून वाढवलेली गोळी आणि तोडका भात मिळून साखर उतरवायचे. त्यांनी डॉक्टरांना सांगून गोळी कमी करवली आणि तोच गोल पुन्हा काढला. भाताचा भाग दाखवून विचारलं, एवढा कमी करायला कुणी सांगितलं होतं? मामी म्हणाली, कुणी नाही, मीच. बाई म्हणाल्या, एवढा पूर्ण द्यायचा, हा त्यांचा आहे. त्यांचा आहे, हे शब्द मामीने घरी येईपर्यंत दोनदा उच्चारले.

तो भात ताटात पडायच्या आधीच मोज्यावरचा डाग दिसला. लेबलांच्या खात्यात दिवसभर उभं राहावं लागे, म्हणून मामाने नवे बूट घेतले होते. मामी त्याच्या पँटची खालची मुडप घालत होती, त्याला उभं करून, तोंडात टाचण्या धरून. तिने पाहिलं तर मोजा बोटांपाशी ओला. मोजा काढला. बुटात काचेचा एक तुकडा होता, आणि तो घेऊन मामा किती दिवस चालत होता कुणास ठाऊक. त्याला काही जाणवलंच नव्हतं. पाय केव्हाचा मुका झाला होता. मामीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, मग म्हणाली, चला.

पुढचं मी लांबवत नाही. ते बरं व्हावं म्हणून जे जे करतात ते सगळं झालं. आधी बोट गेलं. मग एका सकाळी डॉक्टरांनी मामीला बाहेर बोलावलं आणि ती आत आली तेव्हा मामाने तिच्याकडे पाहून विचारलं, गुडघ्याच्या वर की खाली? ती म्हणाली, खाली. तो म्हणाला, दादांसारखा. दादा म्हणजे त्याचे वडील.

माळ्यावरच्या कुबड्या मी काढल्या. मामीने स्टूल धरलं होतं. मला वाटलं, मापाला लहानमोठ्या निघतील, नव्या आणाव्या लागतील. मामाने त्या काखेत घेतल्या आणि त्या बरोब्बर बसल्या. बापलेकांची उंची सारखीच होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे मापाला आणणाऱ्या मामीला तिथे काही करायला उरलं नाही. तिने काखेखालची कुजलेली गादी तेवढी उसवली आणि नवी शिवून लावली, दुहेरी टाके घालून.

मामा दवाखान्यातून आला त्या दुपारी माझी आईही आली होती. जिन्यात बोललेलं तिने परत घेतलं नाही, पण स्वयंपाकघरात जाऊन भाज्या चिरायला बसली. मामीने विळीशेजारी तिच्यासाठी पाट सरकवला. दोघींमध्ये एवढंच झालं. जेवणाच्या वेळी मामीने ती थाळी घेतली. लाल ठिपके फिके झाले होते पण दिसत होते. अर्ध्या भागात भाज्या, मग मासा, आणि मग तिने भात वाढला. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत, पूर्ण, कडेपर्यंत. वाढताना तिचा हात आखडला नाही. भांड्यावर झाकणही ठेवलं नाही, उघडंच ठेवलं, मामाच्या हाताशी.

मामाने थाळी फिरवली नाही. भात कुठल्या दिशेला आहे ते विचारलं नाही. त्याने चमच्याच्या कडेने भाताचे दोन भाग केले. तिथे कुठलाही ठिपका नव्हता, मामीने त्या जागी कधी खूण केली नव्हती, पण त्याला ती जागा पाठ होती. अर्धा त्याने खाल्ला. उरलेला थाळीच्या काठाशी तसाच ठेवला.

"खा ना," मामी म्हणाली. "बाईंनी सांगितलंय. सगळा तुमचाच आहे तो."

"नको गं," तो म्हणाला. रागाने नाही, रुसून नाही. "आता भूकच तेवढी राहिलीय."

आणि त्याने हात लांब करून भांड्यावर झाकण ठेवलं. हळूच, आवाज न करता.

माझी आई उठून बाहेर गेली. मामी थाळी घेऊन ओट्याशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, ती थाळी घासते आहे. जरा वेळाने पाणी न्यायला मी मागे गेले तेव्हा पाहिलं, ती तो उरलेला भात उभ्यानेच खात होती, एकेक घास, अगदी सावकाश.